सोडचिठ्ठीचा कागद आहे, पण घटस्फोट झाला आहे का?

पत्र : मे २०११मध्ये कराडला माझं लग्न झालं. नंतर आम्ही हडपसरला राहत होतो. २०१३मध्ये मुलगी झाली. २०१५च्या दिवाळीपासून मी मुलीला घेऊन माहेरी आहे. २०१६मध्ये दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, आम्ही दोघांनी सह्या केल्या, नोटरीचा शिक्का घेतला. २०१८मध्ये पुण्याहून एक रजिस्टर पाकीट आलं होतं, ते वडिलांनी रागाच्या भरात परत पाठवलं. पुढच्या वर्षी मिस्टरांनी दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. विचारलं तर म्हणतात, 'कोर्टातूनही सगळं मोकळं झालंय', पण कागद दाखवत नाहीत. आता मला एक चांगलं स्थळ आलं आहे आणि त्यांनी कोर्टाचा कागद मागितला आहे. असा कागद आहे की नाही, हे कुठे आणि कसं शोधायचं? नसेल तर आता अर्ज कुठे करायचा? सात वर्षं वेगळं राहिलं की आपोआप घटस्फोट होतो असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का? — एक वाचक, कराड

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्या समजुतीवर विसंबून अनेकांनी दुसरी लग्नं केली आहेत. आपोआप घटस्फोट होत नाही. सात वर्षांनी नाही, वीस वर्षांनीही नाही. कायद्यात सात वर्षांचा आकडा आहे तो बेपत्ता जोडीदारासाठी. ज्यांना त्याची खबर असायला हवी अशा कुणालाही सात वर्षं तो जिवंत असल्याचं कळलेलं नसेल, तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. तोही कोर्टातच मागावा लागतो. तुमचे पती कुठे राहतात हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तो मुद्दा तुम्हाला लागूच होत नाही.

आता सोडचिठ्ठी. नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न संपतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. एक अपवाद कलम २९मध्ये आहे : एखाद्या जातीत रूढीने काडीमोड घेण्याची चाल असेल तर ती कायद्याने शाबूत ठेवली आहे. पण 'आमच्यात चालतं' एवढं म्हणून भागत नाही. ती रूढी जुनी आहे, अखंड पाळली जाते आणि त्या पद्धतीनेच तुमची फारकत झाली, हे कोर्टात पुराव्याने शाबीत करावं लागतं. ते अवघड जातं, म्हणून या आधारावर दुसरं लग्न ठरवू नका. तरीही तो कागद फाडू नका, मूळ प्रत जपून ठेवा. पुढे तो लागणार आहे, आणि तो कुठे उपयोगी पडेल, कुठे नडेल, ते खाली येईलच.

तेव्हा खरा प्रश्न एकच उरतो : तुमच्या पतीने कोर्टात अर्ज केला होता का, आणि त्यावर घटस्फोटाचा हुकूम झाला का? तुम्ही सांगितलेलं ते परत गेलेलं पाकीट पाहता, तशी दाट शक्यता आहे. म्हणून नवा अर्ज करण्याच्या आधी शोध घ्या. उलट क्रमाने गेलात तर वर्षभर चाललेलं प्रकरण 'लग्नच अस्तित्वात नाही' म्हणून एका तारखेला संपेल.

शोध घेताना पहिली चूक लोक करतात ती ही, की महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन विचारतात. तिथे लग्नाची नोंद असते, घटस्फोटाची नसते. महाराष्ट्रात घटस्फोटांचं असं वेगळं रजिस्टर कुठल्याच सरकारी कार्यालयात ठेवलं जात नाही, आणि घटस्फोट झाला म्हणून विवाहाचा दाखला कुणी रद्दही करत नाही. (गोव्याची पद्धत वेगळी आहे. तिथे नागरी नोंदणी कार्यालयातल्या लग्नाच्या नोंदीवरच कोर्टाच्या हुकमाची नोंद चढवून घ्यावी लागते, त्यामुळे गोव्यात लग्न झालेल्यांनी शोध त्या कार्यालयातून सुरू करावा.) आपल्याकडे घटस्फोटाची नोंद म्हणजे ज्या कोर्टाने हुकूम दिला त्या कोर्टातली फाईल. म्हणून आधी कोर्ट कोणतं, ते ठरवायचं.

हे वाटतं तेवढं कठीण नाही, कारण पतीला हवं त्या गावात अर्ज करता येत नाही. कलम १९प्रमाणे त्याला तीन ठिकाणं मोकळी होती : लग्न जिथे लागलं ते गाव, अर्ज करताना तुम्ही जिथे राहत होता ते, आणि दोघं शेवटी जिथे एकत्र राहिलात ते. पहिली दोन म्हणजे कराड, तिसरं पुणे. पाकीट पुण्याहून आलं होतं, तेव्हा पुण्यापासून सुरुवात करा. पण पुण्यात घटस्फोटाचे अर्ज दोन ठिकाणी चालतात हे लक्षात ठेवा. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीतले अर्ज तिथे आणि हद्दीबाहेरचे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. दोन्ही शिवाजीनगरला आहेत आणि दोघांची दप्तरं वेगळी आहेत. एका ठिकाणी 'नाही' म्हटलं म्हणजे पुण्यात नाही, असं समजू नका. कराडला दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर इथे पाहायचं.

घरबसल्या पाहायचं असेल तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसची वेबसाइट किंवा मोबाइल अ‍ॅप उघडा. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. जिल्ह्याच्या यादीत कौटुंबिक न्यायालय सापडलं नाही तर ते वेगळ्या नावाखाली दिलेलं आहे का ते पाहा. नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकावं लागतं. हे वर्ष अर्ज दाखल झाल्याचं असतं, निकालाचं नव्हे. तुमच्या बाबतीत २०१६, २०१७, २०१८ आणि २०१९ ही चारही वर्षं एकेक करून पाहा. 'प्रलंबित', 'निकाली' आणि 'दोन्ही' असे पर्याय असतात, त्यातलं 'दोन्ही' घ्या.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा. आडनावात एक 'एच' कमी, नावाच्या शेवटी एक 'ए' जास्त, आणि संगणकाला तुमचं प्रकरण दिसत नाही. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आधी पतीच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, कारण अर्जदार तो असेल. मग तुमचं सासरचं नाव, मग माहेरचं. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही नावं. काही क्लार्क आडनाव आधी टाकतात, तेही करून पाहा. आणि वैवाहिक प्रकरणांत काही ठिकाणी नावं झाकलेली असतात, म्हणून वेबसाइटवर सापडलं नाही याचा अर्थ प्रकरण झालंच नाही असा होत नाही. तिथून 'आहे' एवढं पक्कं कळतं, 'नाही' पक्कं कळत नाही.

प्रकरण सापडलं तर त्याचा प्रकार पाहा. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जांना अक्षरं असतात : एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेला घटस्फोटाचा अर्ज 'पिटिशन ए', परस्पर संमतीचा 'पिटिशन एफ', मुलांच्या ताब्याचा 'डी', पोटगीचा 'ई'. दिवाणी न्यायालयात हाच अर्ज 'एच.एम.पी.' म्हणजे हिंदू विवाह अर्ज म्हणून नोंदलेला असतो. मूळचा 'ए' पुढे समझोता होऊन 'एफ'मध्ये बदलतो तेव्हा क्रमांकही बदलतो, आणि एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात प्रकरण वर्ग झालं तरी बदलतो. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो, तो लिहून घ्या. पुढे प्रत्येक खिडकीवर तो उपयोगी पडेल.

आणि आता जे वाचून अनेकांची फसगत होते ते : पडद्यावर 'निकाली' असं दिसलं म्हणजे घटस्फोट मिळाला असं नाही. अर्जदार तारखांना आला नाही म्हणून काढून टाकलेला अर्जही 'निकाली', मागे घेतलेलाही 'निकाली', दुसऱ्या कोर्टात वर्ग केलेलाही त्या कोर्टापुरता 'निकाली'. तुमच्या पतीने अर्ज केला असेल, दोन तारखा हजर राहून सोडून दिला असेल, आणि 'कोर्टातून मोकळं झालंय' हे त्याला मनापासून खरंही वाटत असेल. म्हणून निकालाचा प्रकार कोणता लिहिला आहे ते पाहा, आणि त्यावरही न थांबता नक्कल काढा. वैवाहिक प्रकरणांतले आदेश वेबसाइटवर बहुधा ठेवलेले नसतात, त्यामुळे डाउनलोड केलेला कागद मिळण्याची आशा धरू नका. समजा मिळाला, तरी तो सहीशिक्क्याच्या नकलेची जागा घेत नाही.

वेबसाइटवर काहीच मिळालं नाही तर प्रत्यक्ष जावं लागेल. कौटुंबिक न्यायालयाच्या दाखल विभागात किंवा दिवाणी कोर्टाच्या न्यायिक शाखेत लेखी अर्ज द्या : दोघांची पूर्ण नावं (तुमची माहेरची आणि सासरची दोन्ही), लग्नाची तारीख आणि ठिकाण, दोघांचे त्या वेळचे पत्ते, शोधायची वर्षं. अर्जात हे स्पष्ट लिहा की 'मी या प्रकरणात पक्षकार, जाबदार पत्नी आहे.' जाबदार म्हणजे जिच्याविरुद्ध अर्ज झाला ती. या एका वाक्याला फार महत्त्व आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२प्रमाणे या प्रकरणांची सुनावणी बंद दालनात होते आणि त्यातला मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. त्यामुळे त्रयस्थाला कागद मिळत नाहीत, मिळालेच तर न्यायाधीशांच्या परवानगीने. पक्षकाराला मात्र ते हक्काने मिळतात. तुमचं आधार कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका सोबत ठेवा. स्वतः पुण्याला जाणं जमत नसेल तर तिथल्या वकिलाला वकीलपत्र द्या, भावाला पाठवून काम होणार नाही. माहिती अधिकाराचा अर्जही करू नका. न्यायालयीन नकला त्या-त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्यायच्या असतात, माहिती अधिकाराखाली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं आहे.

नक्कल विभागात अर्ज देताना फक्त 'निकालाची प्रत' असं लिहिलंत तर फक्त निकालपत्र हातात येतं. तुम्हाला चार गोष्टी हव्यात : निकालपत्र, हुकूमनामा, पूर्ण रोजनामा आणि समन्स-नोटिशीच्या बजावणीचा अहवाल. निकालपत्रात कोर्टाने का ठरवलं ते असतं, हुकूमनाम्यात नेमकं काय ठरलं ते. पासपोर्ट, विवाह नोंदणी, बँक, सगळीकडे हुकूमनामा मागतात. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झालं ते कळतं, आणि बजावणीच्या अहवालावरून तुमच्या त्या पाकिटाचं कोर्टाने काय केलं तेही. फाईल अभिलेख कक्षात गेली असेल तर ती काढायला वेळ लागतो. फार जुन्या प्रकरणांतले सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत, पण तुमचं प्रकरण असलंच तर अलीकडचं आहे. नकलेच्या मागे अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख अशा नोंदी असतात. तो कागद झेरॉक्स करताना मागची बाजूही करा, कारण मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळला जातो आणि त्याचा हिशेब त्याच नोंदींवरून होतो. जाता जाता हेही सांगायला हवं : कलम २३प्रमाणे घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर दोन्ही पक्षांना त्याची एक प्रत विनामूल्य मिळायला हवी. ती तुम्हाला दिली गेली नसेल तर तसं अर्जात लिहा.

समजा हुकूमनामा सापडला. बहुधा तो एकतर्फी असेल. वडिलांनी परत पाठवलेलं पाकीट समन्सचं असेल तर टपालखात्याने त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला असणार, आणि कायद्याने असं नाकारलेलं समन्स बजावलं गेलं असंच धरलं जातं. कोर्टाने त्यावरून तुम्ही गैरहजर म्हणून पुढे जाऊन निकाल दिला असेल. यावर दोन वाटा आहेत. एकतर्फी हुकूम रद्द करायचा अर्ज करता येतो. त्याची मुदत हुकमापासून तीस दिवस, किंवा समन्स नीट बजावलंच नव्हतं असं दाखवता आलं तर हुकूम कळल्यापासून तीस दिवस. पण आमचं स्पष्ट मत असं, की तुम्हाला त्या घरात परत जायचं नसेल तर या वाटेला जाऊ नका. हुकूम रद्द झाला तर तुम्ही पुन्हा त्यांच्या पत्नी व्हाल आणि सगळं प्रकरण पहिल्यापासून सुरू होईल. निकालपत्रात तुमच्यावर खोटे, बदनामीचे आरोप मान्य झालेले असतील आणि ते पुढे मुलीच्या ताब्याला किंवा पोटगीला आड येतील असं वाटत असेल, तरच त्याचा विचार करा, आणि तोही ते निकालपत्र वकिलाला वाचायला देऊन.

हुकूम मान्य केलात तर निकालाच्या तारखेपासून तुम्ही घटस्फोटित आहात. कलम १५प्रमाणे अपिलाची मुदत उलटल्यावर, अपील झालं नसेल तर, दोघांनाही पुन्हा लग्न करता येतं. हिंदू विवाह कायद्यात ही मुदत नव्वद दिवसांची आहे. इतक्या वर्षांनंतर तुमच्यापुरती ती केव्हाच संपलेली असेल, तरी अपील झालं होतं का एवढं पाहून घ्या : हुकूम कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयाच्या, दिवाणी न्यायालयाचा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या वेबसाइटवर. पण एक गोष्ट लग्नाआधीच करायची आहे. कलम २५खाली कायमची पोटगी हुकमाच्या वेळी मागता येते, तशी नंतरही मागता येते. पुनर्विवाह झाल्यावर मात्र तो मार्ग व्यवहारात बंदच होतो. तेव्हा तुम्हाला काही मागायचं असेल तर ते आताच ठरवा. मुलीचा हक्क यापासून पूर्ण वेगळा आहे. तुम्ही लग्न केलंत म्हणून तिच्या वडिलांची जबाबदारी संपत नाही. तिच्या नावाने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली (पूर्वीचं १२५) कराडलाच अर्ज करता येतो.

आता दुसरी शक्यता : तीनही ठिकाणी शोधलं आणि हुकूमनामा नाही, किंवा अर्ज काढून टाकलेला सापडला. मग तुम्ही आजही कायद्याने त्यांच्या पत्नी आहात आणि त्यांचं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल आहे. तो गुन्हाही आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, त्याआधीच्या लग्नाला भारतीय दंड संहितेचं ४९४, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण हेच कलम तुम्हालाही लागू होईल, म्हणून हुकूमनामा हातात येईपर्यंत अक्षता पडू देऊ नका, मंदिरातही नाही आणि घरच्या घरीही नाही. फौजदारी तक्रार करायची की नाही हा तुमचा निर्णय. एवढं लक्षात ठेवा, की दुसरं लग्न विधिपूर्वक लागल्याचा पुरावा द्यावा लागतो. नुसतं 'ते एकत्र राहतात' एवढ्यावर शिक्षा होत नाही. १९६५ साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात आरोपी याच मुद्द्यावर सुटले होते.

घटस्फोटाचा अर्ज तुम्ही कराडलाच करू शकता. २००३च्या दुरुस्तीपासून पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथलं कोर्ट चालतं. पुण्याच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

परस्पर संमती मिळत असेल तर तोच मार्ग धरा, आणि इथे ती मिळायची शक्यता चांगली आहे, कारण दुसऱ्या लग्नामुळे त्यांनाही या सुटकेची गरज आहे. कलम १३-ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. ते तर कधीच झालं, आणि २०१६ची सोडचिठ्ठी इथे उत्तम पुरावा आहे. अर्ज दोघांचा मिळून एक. सोबत लग्नाचा पुरावा (दाखला नसेल तर पत्रिका आणि फोटो), दोघांचे ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो, मुलीचा जन्मदाखला, आणि अटींचा कागद, ज्याला कोर्टात सगळे 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात. पहिली हजेरी दिली तरी अर्ज दाखल केल्यापासून सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरी हजेरी द्यावी लागते. हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ठरवलं आहे. त्यासाठी पहिल्या हजेरीआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न निष्फळ झालेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. पहिल्या हजेरीनंतर आठवड्याने हा माफीचा अर्ज देता येतो. तो आपोआप मंजूर होत नाही. कारण म्हणून नुसतं 'लग्न ठरलंय' असं लिहू नका. किती वर्षं वेगळे आहात, समेटासाठी कोण कधी बसलं, काय मिटलं, ते तारखांसह लिहा.

संमतीचे अर्ज मोडतात ते जवळजवळ नेहमी अटींच्या कागदावर. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पैसे ठरले असतील तर काही भाग पहिल्या हजेरीला आणि बाकीचा दुसऱ्या हजेरीला, न्यायाधीशांसमोर, डिमांड ड्राफ्टने असं लिहून घ्या. 'नंतर देतो' असं नको. दागिन्यांची यादी वजनासह जोडा आणि मिळाले असतील तर मिळाल्याचं लिहा. 'मुलीचा कायम ताबा आईकडे' हे वाक्य नेमकं याच शब्दांत असू द्या. शाळा आणि पासपोर्ट कार्यालय गोल-गोल भाषा मानत नाहीत. वडिलांनी तिला कधी, कुठे भेटायचं तेही लिहा. आणि मुलीच्या पोटगीचा हक्क सोडून देणारी ओळ कुणी घालू पाहिली तर सही करू नका. तो हक्क तिचा आहे, तुम्हाला तो सोडता येत नाही.

संमती नाहीच मिळाली तर तुम्ही एकटीने करायचा अर्ज, म्हणजे कारण शाबीत करून घटस्फोट. इथे ती सोडचिठ्ठी फिरते. सगळ्यांना वाटतं 'दहा वर्षं सोडून दिलंय' हे सोपं कारण आहे. कायद्यात परित्याग म्हणजे सलग दोन वर्षं, योग्य कारणाशिवाय आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय किंवा इच्छेविरुद्ध सोडणं. तुमची सही असलेला 'आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत' असा कागद समोरच्या वकिलाच्या हातात आहे. तो उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. म्हणून अर्जात परित्याग हे एकच कारण घेऊ नका. पत्नी असताना दुसऱ्या स्त्रीबरोबर संसार थाटणं हे व्यभिचाराचं कारण आहे आणि मानसिक क्रूरतेचंही. त्या दोन्हींवर अर्ज उभा करा आणि दुसऱ्या लग्नाचे फोटो, पत्रिका, रेशनकार्डावरचं नाव, तिथल्या मुलाचा जन्मदाखला, जे हाती लागेल ते जमवा. सोडचिठ्ठीचा उल्लेख लपवू मात्र नका. कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या परिस्थितीत सही केली ते अर्जातच सांगून टाका.

तारखा जुळतात का ते तीनदा तपासा. पूर्वी पोलिसांत किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार केली असेल तर माहेरी आल्याची तारीख तिथली आणि इथली एकच हवी. नोटिशीसाठी पतीचा घरचा आणि कामाच्या जागेचा असे दोन्ही पत्ते द्या. बरीच प्रकरणं नुसती 'बजावणी झाली नाही' या शेऱ्यावर लांबतात. घर बदललं असेल तर कोर्टाच्या परवानगीने ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, तेही जमलं नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येते. नोटीस लागल्यावर ते आलेच नाहीत तरी तुम्हाला प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यावाच लागतो. समोर कुणी नाही म्हणून हुकूम आपोआप मिळत नाही. ते आले तर कैफियत (त्यांचं लेखी उत्तर), समुपदेशन, वादाचे मुद्दे ठरवणं, सरतपास (तुमची स्वतःची साक्ष), उलटतपास, युक्तिवाद या क्रमाने चालेल आणि यात वर्षं जाऊ शकतात. म्हणून अर्जासोबतच कलम २४चा अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमच्या शिलाईचे किंवा शिकवण्यांचे चार पैसे येत असतील तर ते त्यात लिहा. लपवलेलं उघड झालं की बाकी खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

खर्चाची धास्ती घेऊ नका. महाराष्ट्र सरकारच्या १९९४च्या अधिसूचनेने घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. दाखल करताना कुणी फी मागितली तर त्या अधिसूचनेचा उल्लेख करा. वकीलही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची कुठलीही अट नाही, म्हणजे तुम्हाला उत्पन्नाचा दाखला मागता येत नाही. कराडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या, किंवा १५१०० या टोल फ्री क्रमांकावर विचारा. पुण्यातला शोध आणि नकलांसाठीही त्यांच्यामार्फत मदत मागता येते. आणि 'आठ दिवसांत घटस्फोट' अशा जाहिरातींना बळी पडू नका. त्यात मिळतो तो पुन्हा नोटरीचाच कागद.

हुकूमनामा मिळाला की त्याच्या किमान तीन सहीशिक्क्याच्या नकला एकाच वेळी काढून ठेवा. एक नव्या विवाह नोंदणीला, एक पासपोर्टला, एक घरी. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीत पूर्वीच्या पतीचं वारस म्हणून नाव असेल तर ते स्वतः जाऊन बदला, हुकमाने ते बदलत नाही.

राहिलं स्थळाचं. त्यांनी कागद मागितला हे योग्यच केलं. त्यांना आत्ता एवढंच सांगा की कोर्टात शोध चालू आहे, आणि हुकूमनामा सापडला तर सहीशिक्क्याची नक्कल आणि सीएनआर क्रमांक दोन्ही देऊ, म्हणजे ते स्वतः ई-कोर्ट्सवर ताडून पाहू शकतील. नाही सापडला तर नव्या अर्जाचा क्रमांक देऊ. लग्नाची तारीख धरायची ती हुकूमनामा हातात आल्यावर. परस्पर संमतीने झालेल्या हुकमावर अपील चालत नाही, त्यामुळे तिथे मुदत उलटण्याची वाट पाहावी लागत नाही. एकतर्फी किंवा लढून मिळालेला हुकूम असेल तर नव्वद दिवस जाऊ द्या, मग अपील झालेलं नाही याची खात्री करा आणि त्यानंतर मुहूर्त काढा.